बहुतांचे सुख आणि एकट्याची निवड : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत राज्यव्यवहार आणि नीती यांविषयीची पत्रे अधिक होती, आणि ती बहुतेक बेळगाव, खानापूर व निपाणी या भागांतून आली होती. विषय एकमेकांना लागून असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही मुलांना सांगत आलो की, जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधते ते चांगले राज्य. सीमाभागात आयुष्य काढल्यावर मात्र असे वाटते की, या मापाने थोड्यांची निवड नेहमी मागे पडते. लोकशाही एकीकडे प्रत्येकाला निवडीचा अधिकार देते आणि दुसरीकडे डोकी मोजून निकाल लावते. या दोहोंचा मेळ निदान तत्त्वतः तरी बसतो का?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : आपण मुलांना सांगितलेल्या त्या एका वाक्यात दोन वेगळे विचार आहेत, आणि ते आधी सुटे केले पाहिजेत. या वाक्यामागचा इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याचा मुख्य ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा इंग्लंडात मताचा अधिकार मूठभर मालमत्ताधारक पुरुषांपुरता होता. अशा काळात जमीनदाराचे दुःख आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचे दुःख एकाच मापाने मोजावे, कोणालाही एकापेक्षा अधिक धरू नये, असे म्हणणे हे बंडच होते. पुढे बेंथमने व्यापक मताधिकाराचा आणि गुप्त मतदानाचा पुरस्कार केला तो याच विचारातून. हा पहिला विचार, म्हणजे प्रत्येकाची समान गणना, लोकशाहीला पोषकच आहे. अडचण दुसऱ्या विचाराची आहे. समान मोजून झाल्यावर उपयुक्ततावाद, म्हणजे बेंथमचा हा अधिकतम सुखाचा सिद्धांत, सगळ्यांची बेरीज करतो, आणि एकदा बेरीज झाली की कोणाच्या वाट्याला सुख आले आणि कोणाच्या वाट्याला दुःख, हे त्या आकड्यात दिसेनासे होते.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली नेमके इथेच बोट ठेवले. एखादा माणूस उद्या बरे वाटावे म्हणून आज कडू औषध घेतो, कारण आजची कडू चव आणि उद्याचे आरोग्य ही दोन्ही त्याचीच असतात. समाजात औषध एकाने घ्यायचे आणि बरे दुसऱ्याने व्हायचे, असे घडते. माणसे वेगवेगळी आहेत ही साधी गोष्ट बेरजेत हरवते, असा रॉल्सचा आक्षेप आहे, आणि मला तो आजही बिनतोड वाटतो.

आपल्याकडे हा आक्षेप त्याच्या कितीतरी आधी घेतला गेला होता. महात्मा गांधींनी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले ते १९२४ चे बेळगावचे. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांनी लिहिले की, अहिंसेच्या उपासकाला बहुसंख्यांच्या अधिकतम सुखाचे सूत्र मान्य करता येणार नाही, त्याने सर्वांच्या हितासाठी झटले पाहिजे. १९०९ साली तर त्यांनी बहुमताची कृती अल्पमताला बंधनकारक असते या समजुतीला अंधश्रद्धा म्हटले होते. ही भूमिका उदात्त आहे, परंतु ज्या दिवशी निर्णय घ्यावाच लागतो आणि माणसे दुभंगलेली असतात, त्या दिवशी काय करायचे याचे उत्तर तीत मिळत नाही. सर्वांचे हित साधेपर्यंत थांबायचे म्हटले, तर जे आहे तेच चालू राहते, आणि जे आहे तेही कोणाच्या तरी सोयीचेच असते.

बेंथमचा शिष्य जॉन स्टुअर्ट मिल याने दुसरी वाट काढली. तो स्वतः उपयुक्ततावादी होता; तरीही १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक निबंधात त्याने म्हटले की, दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने व्यक्तीवर सक्ती करावी, तिच्या स्वतःच्या भल्यासाठी करू नये. याचे समर्थन तो हक्काच्या भाषेत करीत नाही. माणसांना आपापल्या रीतीने जगू दिले तर चुका होतील, पण त्यांतूनच समाजाला नव्या वाटा सापडतील आणि दीर्घकाळात सर्वांचे कल्याण वाढेल, असा त्याचा हिशेब आहे. युक्तिवाद देखणा आहे, पण त्याचा पाया हिशेबाचाच आहे. उद्या कोणी अधिक चतुर हिशेब मांडून दाखवला तर स्वातंत्र्य धोक्यात येते. शिवाय मिल वाचताना आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट विसरू नये. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होता, आणि आपले स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असे त्याने त्याच निबंधात नमूद करून ठेवले आहे. १८६१ साली प्रातिनिधिक राज्यपद्धतीवर लिहिताना तर त्याने असेही म्हटले की, जिथे लोक निरनिराळ्या भाषा बोलतात आणि वाचतात तिथे स्वतंत्र संस्था चालणे जवळजवळ अशक्य आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांत प्रचार ऐकून मत देणाऱ्या बेळगावच्या मतदाराने यावर फार तर स्मित करावे.

माझ्या मते मेळ बसवायची जागा बेरजेच्या अलीकडे आहे. बेरजेत काय घ्यायचे हे आधी ठरवले पाहिजे. माणसाच्या इच्छा दोन प्रकारच्या असतात : स्वतःच्या जगण्याविषयीच्या आणि इतरांनी कसे जगावे याविषयीच्या. मला माझ्या भाषेत पत्रव्यवहार करता यावा, ही पहिल्या प्रकारची इच्छा झाली. शेजाऱ्याला त्याच्या भाषेत करता येऊ नये, ही दुसऱ्या प्रकारची. रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकी कायदेपंडिताने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, दुसऱ्या प्रकारच्या इच्छा बेरजेत घेतल्या तर समान गणनेचे मूळ तत्त्वच मोडते. ज्याच्याविषयी इतरांना आकस आहे त्याचे सुख आधीच एकदा मोजलेले असते. इतरांचा आकसही मोजला की ते दुसऱ्यांदा वजा होते. व्यक्तीचे मूलभूत हक्क हे या दुहेरी वजाबाकीला घातलेले कुंपण आहे, असे मानले तर हक्क आणि बहुसंख्यांचे हित यांच्यातील वैर बरेच कमी होते.

याशिवाय काही निर्णय स्वभावतः एकच असू शकतात. गावाची नळयोजना कोणत्या ओढ्यावरून आणायची, रस्ता कुठून न्यायचा, यांत अर्ध्यांसाठी एक आणि अर्ध्यांसाठी दुसरे असे करता येत नाही; तिथे मोजणीला पर्याय नाही आणि हरलेल्याने निकाल मान्य केला पाहिजे. याउलट दुकानाच्या पाटीवर सरकारी भाषेखेरीज आणखी कोणती भाषा लिहायची, यात प्रत्येकाची निवड वेगळी असली तरी कोणाचे काही अडत नाही. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे सक्तीचे झाले आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या दुरुस्तीने मराठी पाट्यांची सक्ती अधिक व्यापक केली. अलीकडची सक्ती अन्याय आणि पलीकडची सक्ती अस्मिता, असे एकाच तोंडाने म्हणता येणार नाही. राज्यभाषा ठळक दिसावी एवढी अपेक्षा दोन्हीकडे रास्त मानता येईल. तिच्यापुढे जाऊन दुसरी भाषा दिसूच नये अशी अपेक्षा दोन्हीकडे सारखीच गैर आहे.

आपल्या पत्रातील खरी वेदना मात्र वर्तुळाची आहे, असे मला वाटते. बहुसंख्यांचे सुख म्हणताना कोणत्या वर्तुळातील बहुसंख्य, याचे उत्तर उपयुक्ततावाद देत नाही आणि लोकशाहीही मतदानाने देऊ शकत नाही, कारण मतदान कोणी करायचे हे ठरल्याशिवाय मतदान घेता येत नाही. गाव हे वर्तुळ धरले तर एक उत्तर येते, तालुका धरला तर दुसरे आणि जिल्हा किंवा राज्य धरले तर तिसरे. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हा घटक धरला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमेचा वाद मिटवताना हरिभाऊ पाटसकर यांनी खेडे हा घटक धरला होता, आणि महाराष्ट्र तेव्हापासून तोच न्याय मागत आला आहे. या सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने नाकारली. २००४ पासून हा दावा सर्वोच्च न्यायालयासमोर आहे आणि त्याचा निकाल या सदरात लावण्याचे कारण नाही. इथे सांगायचे एवढेच की, जो घटक धरावा त्याप्रमाणे ‘बहुसंख्य’ बदलतात, तेव्हा घटकाची निवड न्याय्य आहे की नाही हे बहुसंख्येच्या आधारावर ठरवता येत नाही. तिथे दुसरी कारणे द्यावी लागतात : सलगता, व्यवहाराची सोय, इतिहास आणि तिथे राहणाऱ्यांची इच्छा. त्यांतले कोणते कारण किती वजनाचे, हा वाद चालू राहणारच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषावार राज्यांविषयी लिहिताना बहुमताचे दोन प्रकार केले होते. राजकीय बहुमत घडते आणि बदलते. त्यात कोणालाही शिरता येते आणि त्यातून बाहेर पडता येते. जमातीचे बहुमत जन्माने ठरते आणि त्याचे दार इतरांना बंद असते. भाषेच्या बहुमताचे दार जातीच्या बहुमताइतके घट्ट लावलेले नसते हे खरे, कारण भाषा शिकता येते. पण एका पिढीत ते उघडतही नाही. आज हरलेला उद्या जिंकू शकेल, या आशेवर लोकशाहीतील हरणारा निकाल मान्य करतो. ज्याला अशी आशाच नाही त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी, आणि ती आपल्या देशात थोडीफार आहे. १९४९ सालच्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की, शाळेत अल्पसंख्य भाषेची ४० किंवा वर्गात १० मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आणि ३५० ख घातले, आणि त्यांपैकी पहिल्याने प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करण्याचे दायित्व राज्यावर टाकले, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. दहा मुलांसाठी एक शिक्षक, हा नियम कोणत्याही बेरजेतून निघत नाही. तो एक किमान पातळी आखतो आणि म्हणतो की, बेरीज याच्या वर करा. प्रत्यक्षात अशा तरतुदी कागदावर राहतात ही तक्रार खोटी नाही, परंतु ती अंमलबजावणीची तक्रार आहे. ती तत्त्वाच्या माथी मारू नये.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण अटीसह. जे समाईक आहे तेवढेच मोजावे, मोजताना इतरांच्या जगण्यावरचा हक्क कोणाला सांगू देऊ नये, आणि ज्याला कधीच जिंकता येणार नाही त्याच्या पायाखाली आधी जमीन घालून द्यावी. हाच न्याय मराठी बहुसंख्य असलेल्या गावातील दोन कन्नड घरांनाही लागू होतो, हे मी मुद्दाम लिहितो, कारण सीमाभागातील चर्चेत ती घरे सहसा येत नाहीत.

प्रश्न : ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे भगवान बुद्धांचे वचन म्हणजे बेंथमचेच तत्त्व अडीच हजार वर्षे आधी सांगितलेले नव्हे काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : साम्य वरवरचे आहे. विनयपिटकातील महावग्गात हे शब्द भिक्खूंना उद्देशून आलेले आहेत : पुष्कळांच्या हितासाठी, पुष्कळांच्या सुखासाठी, लोकांवरील अनुकंपेने चारिका करीत फिरा, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका. ही धर्म सांगत फिरणाऱ्यांना दिलेली आज्ञा आहे. पुष्कळांच्या सुखासाठी थोड्यांचे सुख खर्ची घालावे की नाही, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. बेंथमला कायदे करणाऱ्यांसाठी माप हवे होते. दोहोंची जात वेगळी.

प्रश्न : आमच्या भागातील मराठी शाळा टिकावी म्हणून आम्ही सभा घेतो. सभेला येणाऱ्यांपैकी बरेच पालक स्वतःच्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. शाळा बंद पडली तर नुकसान सगळ्यांचे आहे. मग समाजाने आपल्या लोकांवर सक्ती का करू नये? निदान अशा पालकांना मंडळाच्या कार्यक्रमांतून दूर ठेवावे, असे काही जण म्हणतात.
— युवक मंडळाचा एक कार्यकर्ता, बेळगाव

उत्तर : सक्तीचा हा प्रयोग कर्नाटक सरकारने एकदा करून पाहिला आहे. १९९४ च्या भाषाधोरणानुसार पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच द्यावे, असा आदेश होता. लहान मूल मातृभाषेत चांगले शिकते, या शिक्षणशास्त्रीय आधारावर तो काढलेला होता आणि त्यामागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य हे अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मुलाची मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवायचे आहे, आणि मातृभाषेची सक्ती मुलासाठी हितकर आहे एवढ्या कारणावरून राज्याला ती करता येणार नाही. निकाल इंग्रजी शाळांच्या व्यवस्थापनांच्या बाजूने गेला म्हणून अनेकांना आवडला नाही. पण विचार करावा की, तोच निकाल उलट लागला असता तर मराठी घरातील मुलाची ‘मातृभाषा’ कोणती हे सांगण्याचा अधिकार कोणाच्या हाती गेला असता. अल्पसंख्याकाला निवडीचे स्वातंत्र्य हवे असते ते सरकारपासून; तेच स्वातंत्र्य त्याने आपल्या भावकीला नाकारले तर सरकारपुढे मांडायला त्याच्याजवळ मुद्दा उरत नाही.

तरीही आपली अडचण खरी आहे आणि ती तत्त्वज्ञांनाही चकवणारी आहे. अमर्त्य सेन यांनी १९७० साली एका छोट्या लेखात सिद्ध केले की, प्रत्येकाला स्वतःच्या खाजगी बाबीत निर्णायक अधिकार आणि ‘सर्वांना जे अधिक आवडते ते निवडावे’ हा अगदी सौम्य नियम, या दोहोंचाही एकमेकांशी खटका उडू शकतो. त्याचे उदाहरण आपल्याच प्रश्नातून करून पाहू. दोन भाऊ आहेत, आणि त्यांच्या घराला इंग्रजी शाळेतील एकच मोफत जागा देऊ केली आहे. थोरला मराठीचा कट्टर अभिमानी. त्याच्या मते ती जागा कोणीच घेऊ नये हे सर्वांत चांगले. घ्यायचीच झाली तर आपल्या मुलाने घ्यावी, कारण आपल्या घरात मराठी टिकेल, धाकट्याच्या घरात ती पार संपेल. धाकटा इंग्रजीचा भक्त. त्याच्या मते थोरल्याच्या हट्टाला उतारा म्हणून जागा त्याच्याच मुलाने घ्यावी हे उत्तम; नाहीतर आपल्या मुलाने घ्यावी; ती वाया जाणे मात्र सर्वांत वाईट. आता पाहा. आपल्या मुलाने जावे की कोणीच जाऊ नये, हे ठरवणे थोरल्याच्या हाती आहे, आणि तो म्हणेल कोणीच नको. आपल्या मुलाने जावे की कोणीच जाऊ नये, हे धाकट्याच्या हाती आहे, आणि तो म्हणेल माझा जाईल. म्हणजे निकाल धाकट्याच्या मुलाच्या बाजूने लागतो. पण थोरल्याच्या मुलाने जाणे हे धाकट्याच्या मुलाने जाण्यापेक्षा दोघांनाही अधिक पसंत आहे! दोघांचीही निवड मानली, आणि तरी दोघांनाही कमी आवडणारी गोष्ट घडली.

यातून निवडीचे स्वातंत्र्य खोटे असा अर्थ काढणे घाईचे होईल. गाठ पडली ती दोघांचीही पसंती एकमेकांच्या मुलाविषयी होती म्हणून. सेन यांनी पुढे सुचवलेला मार्ग असा की, माझ्या काही इच्छा आहेत हे मी मान्य करीन, पण त्या मोजल्या जाव्यात असा आग्रह धरणार नाही. शेजाऱ्याच्या मुलाने मराठी शाळेत जावे असे मला मनापासून वाटावे, ते मी बोलून दाखवावे, परंतु माझी ही इच्छा त्याच्यावर मताप्रमाणे लादली जावी अशी मागणी करू नये. लोकशाहीचे अर्धे शिक्षण एवढ्या संयमात आहे.

मंडळाच्या कार्यक्रमांतून पालकांना दूर ठेवण्याची सूचना मला अजिबात पसंत नाही. ती सक्तीच आहे, फक्त सरकारी शिक्क्याशिवाय. आणि मिलने कायद्याच्या जुलुमापेक्षा समाजाच्या अशाच जुलुमाचा अधिक धसका घेतला होता. त्याऐवजी आपल्या पालकांचे खरे म्हणणे काय आहे ते विचारा. पुष्कळांचे म्हणणे असे निघेल की, शाळेत पाचच मुले असताना माझे मूल तिथे पाठवण्यात अर्थ नाही, पंधरा असतील तर मी पाठवीन. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत असतो आणि कोणालाही नको असलेला परिणाम सर्वांच्या स्वतंत्र निवडीतून घडतो. अशा ठिकाणी सशर्त संमती गोळा करावी : इतकी मुले येणार असतील तरच माझे मूल येईल, अन्यथा मी मोकळा. ठरलेला आकडा भरला नाही तर कोणी बांधलेला नाही. भरला तर कोणी फसलेला नाही. वर उल्लेखिलेला वर्गात दहा मुलांचा निकष अशा वेळी शिक्षक मागायलाही उपयोगी पडतो. अर्थात, शाळेत इंग्रजी आणि गणित चांगले शिकवले जात नसेल तर हे संमतिपत्र कोणी भरणार नाही, आणि भरू नयेही.

प्रश्न : शहराबाहेरून जाणाऱ्या रस्त्यासाठी आमच्या शिवारातील पिकाऊ जमीन जाणार असे ऐकतो. अधिकारी म्हणतात, हजारो वाहनांची सोय होईल, तुम्ही काही कुटुंबेच आहात. हा न्याय झाला का?
— एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : ‘हजारो विरुद्ध काही’ हे वाक्य बेंथमच्या मापानेसुद्धा अपुरे आहे, कारण त्यात डोकी मोजली आहेत, सुखदुःख मोजलेले नाही. हजार प्रवाशांची प्रत्येकी काही मिनिटे वाचणे आणि एका कुटुंबाचे उपजीविकेचे साधन जाणे यांना एकाच तागडीत घालायचे असेल, तर वजने तरी खरी वापरावीत.

अर्थशास्त्रात १९३९ पासून असा एक निकष रूढ आहे की, ज्यांना लाभ झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील तर प्रकल्प योग्य. यातील ‘करू शकत असतील’ हे शब्द फसवे आहेत. भरपाई प्रत्यक्ष दिली पाहिजे असे हा निकष म्हणत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ती प्रत्यक्ष द्यायला लावली, ही त्याची जमेची बाजू आहे : ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. खाजगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के आणि सरकार व खाजगी यांच्या भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही संमती लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालील संपादनाला भरपाईच्या तरतुदी २०१५ पासून लागू आहेत, संमतीच्या नाहीत. बागायती, अनेक पिकांची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असे त्याच कायद्यात आहे. पण महामार्ग, रेल्वे आणि कालवे यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे येळ्ळूर-शहापूर भागातील बासमतीच्या शेतालाही रस्त्यापुढे हे कलम आडवे घालता येत नाही. ही सूट मला समर्थनीय वाटत नाही. रस्ता लांबट असतो, त्याला सरळ जावे लागते हे मान्य. पण तो कोणत्या बाजूने न्यावा याचे दोनतीन पर्याय बहुधा असतात, आणि पर्याय तपासणे सक्तीचे करण्यात कोणाचेच नुकसान नव्हते.

तेव्हा ‘आमच्या संमतीशिवाय काहीच नको’ ही भूमिका टिकणार नाही, कारण रस्ता हा समाईक निर्णय आहे आणि एकेकाला नकाराधिकार दिला तर कोणाचीच वाट निघणार नाही. टिकेल ती मागणी अशी : पर्यायी आखणी नाकारल्याची कारणे लेखी द्या, आणि भरपाई ताबा घेण्याआधी द्या. हरकतीची मुदत अधिसूचनेपासून मोजली जाते, म्हणून आपल्या पहाणीवरील (जमिनीच्या उताऱ्यावरील) नाव, गट आणि पिकाच्या नोंदी आताच तपासून ठेवाव्यात.

प्रश्न : मी या वेळी पहिल्यांदा मतदान करणार आहे. मत देताना स्वतःचे हित पाहावे की सर्वांचे? घरात म्हणतात, आपल्या माणसाला द्यायचे.
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : या मुद्द्यावर बेंथम आणि मिल हे गुरुशिष्य वेगळे पडतात. बेंथमच्या मते प्रत्येकाने आपले हित पाहिले की मोजणीतून बहुतांचे हित आपोआप निघते. मिलच्या मते मत ही ठेव आहे. मतदार न्यायपंचासारखा असतो आणि त्याने सार्वजनिक हितच पाहिले पाहिजे. दोन्ही मते आपापल्या जागी सुसंगत आहेत. गोंधळ होतो तो काही जण एका रीतीने आणि काही जण दुसऱ्या रीतीने मत देतात तेव्हा. समजा, निम्म्याहून अधिक बायकांना पाण्याचा नळ हवा आहे, पण त्यांपैकी अनेकींनी गावाचे हित रस्त्यात आहे असे मानून रस्त्याला मत दिले, आणि रस्ता हवा असलेल्यांनी मात्र स्वतःसाठीच मत दिले. निकाल रस्त्याच्या बाजूने लागेल, पण तो बहुतेकांची गरजही सांगणार नाही आणि बहुतेकांचे मतही. म्हणून माझा सल्ला असा की, आपली स्वतःची गरज लपवू नये. ती सांगितल्याशिवाय सर्वांचे हित कोणाला कळणार? मग तीच गरज दुसऱ्या कोणाची असती तर मी तिला इतकेच महत्त्व दिले असते का, एवढे तपासून मत द्यावे.

‘आपला माणूस’ हा निकष मी सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. जिथे भाषेचा प्रश्न जिवंत आहे तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार की राष्ट्रीय पक्षाचा, हाही हिताचाच प्रश्न असू शकतो. पण तो आपण ठरवायचा आहे, घराने नव्हे. मिलचा गुप्त मतदानाला विरोध होता, कारण ठेव सांभाळणाऱ्याने ती उघडपणे सांभाळावी असे त्याला वाटे. त्याचे हे म्हणणे आपल्या कायद्याने प्रतिनिधीपुरते मानले आहे : २००३ च्या दुरुस्तीनंतर राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार उघड मतदान करतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती दुरुस्ती वैध ठरवली. मतदाराच्या बाबतीत मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ आहे. त्यानुसार आपण कोणाला मत दिले हे सांगण्यास न्यायालयातील साक्षीदारालाही भाग पाडता येत नाही. घरच्यांनी विचारले तर उत्तर न देण्याची आपल्याला पूर्ण मोकळीक आहे.